पिंपळासमोरचं तिसरं घर

गावाकडे पत्ता विचारला की उत्तर साधारण असं येतं: मारुतीच्या देवळापासून खाली उतरा, पिंपळाचा पार लागेल, त्याच्या समोरच्या बोळात डावीकडचं तिसरं घर. पुण्याच्या पेठांत घरांना क्रमांक आहेत, पण सांगणाऱ्याची भिस्त तिथेही 'च्या समोर' आणि 'च्या मागे' यांवरच. असा पत्ता बरीच वर्षं चालतो. मग बोळाच्या तोंडाशी कुणीतरी नवं घर बांधतं, तिसरं घर चौथं होतं आणि पाहुणा भलत्याच ओसरीवर जाऊन बसतो. तरी तो माणूस असतो. अनोळखी चेहरे दिसले की तो विचारतो, "जोश्यांचं घर हेच ना?"

यंत्र विचारत नाही. त्याला तिसऱ्या दारावर टकटक करायला सांगितलं असेल तर ते तिसऱ्या दारावर टकटक करतं, आणि आतून कुणीही 'ओ' दिली तरी काम झालं असं कळवून मोकळं होतं. वेब पानांची तपासणी यंत्राकडून करून घेण्याच्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी एवढ्यातच आहे. बटण दाबणं सोपं आहे; कोणतं बटण, हे यंत्राला पटेल अशा भाषेत सांगणं अवघड.

आधी ही तपासणी लागते कशाला ते पाहू. बसचं तिकीट काढायचं एक संकेतस्थळ घ्या. कुठून, कुठे, तारीख, आसन, प्रवाशाचं नाव, वय, पैसे, पावती. टेस्टरला हे सगळं हाताने भरून पाहायला पाचसात मिनिटं लागतात. पण प्रोग्रामरने तारखेच्या चौकटीत एक ओळ बदलली, तर बिघाड तारखेतच होईल असं नाही; तो पावतीतही होऊ शकतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळं पुन्हा पाहायचं. क्रोममध्ये पाहायचं, फायरफॉक्समध्ये पाहायचं, सफारीत पाहायचं, मोबाइलच्या रुंदीत पाहायचं. या फेरतपासणीला 'रिग्रेशन' म्हणतात. रिग्रेशनच्या आठवड्यात टेस्टरचा चेहरा कसा होतो, हे हिंजवडीच्या कोणत्याही कॅन्टीनमध्ये दिसेल. दहाव्यांदा तोच अर्ज भरताना डोळे उघडे असतात, पण पाहत नसतात.

हे काम यंत्राला दिलं तर ते कंटाळणार नाही. मात्र यंत्राला पान दिसत नाही. आपल्याला निळा चौकोन आणि त्यावर पांढरी 'पुढे जा' ही अक्षरं दिसतात. यंत्राला दिसते एक वंशावळ. ब्राउझर पानाचा मजकूर वाचतो आणि त्यातून एक झाड रचतो. वर मूळपुरुष, त्याची मुलं, त्यांची मुलं. परिच्छेद, चित्र, चौकट, बटण असा प्रत्येक तुकडा त्या झाडावर कुठेतरी टांगलेला असतो. या रचनेला 'डॉम' म्हणतात आणि तिची पहिली अधिकृत शिफारस डब्ल्यूथ्रीसी या जागतिक संस्थेने १ ऑक्टोबर १९९८ रोजी केली. झाडावरच्या प्रत्येक तुकड्याला 'एलिमेंट' हे नाव. मराठीत 'घटक' म्हणता येतं, पण कचेरीत कुणी म्हणत नाही. "एलिमेंट सापडत नाहीये" हे वाक्य मात्र दिवसातून दहा वेळा कानावर पडतं.

एलिमेंट म्हणजे शाळेतलं मूलद्रव्यही. या क्षेत्रातल्या सर्वांत प्रसिद्ध अवजाराचं नाव एका मूलद्रव्यावरूनच पडलं, पण त्यामागे रसायनशास्त्र नव्हतं, थट्टा होती.

२००४ मध्ये शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स कर्मचाऱ्यांच्या वेळेचा आणि खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या अंतर्गत प्रणालीवर काम करत होते. तेच अर्ज पुन्हापुन्हा भरून कंटाळल्यावर त्यांनी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा कार्यक्रम लिहिला. तो पानाच्या आतच राहायचा आणि आतूनच बटणं दाबायचा. त्या काळी तपासणीच्या बाजारात मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचा दबदबा होता. तिचं 'क्यूटीपी' हे अवजार शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या आपल्याकडे हैदराबादच्या अमीरपेठेपासून पुण्याच्या डेक्कनपर्यंत लागलेल्या असत. मर्क्युरी म्हणजे पारा, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम घ्यावं असं कुठेतरी सांगितलं जातं. हगिन्स यांनी एका ईमेलमध्ये हा विनोद केला आणि नाव चिकटलं: सेलेनियम. पुढे २००६ मध्ये मर्क्युरी कंपनी एचपीने विकत घेतली. सेलेनियम फुकट होतं, खुलं होतं, आणि ते कुणी विकत घ्यावं असं काही त्यात नव्हतंच.

(हगिन्स यांच्याबद्दल आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. पुढे त्यांनी मोबाइलच्या काचेवर बोट टेकवणारा यंत्रमानव बनवला आणि त्याला 'अँग्री बर्ड्स' खेळायला लावलं. बटण दाबण्याचा नाद माणसाला किती दूर नेऊ शकतो, त्याचं हे उदाहरण.)

पानाच्या आत राहून बटणं दाबण्यात एक खोट होती. ब्राउझर एका संकेतस्थळावरच्या जावास्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळाच्या पानात हात घालू देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठलंही पान तुमच्या बँकेच्या पानात डोकावलं असतं. पण तपासणाऱ्या कार्यक्रमालाही तीच भिंत आडवी यायची. शिवाय आतून दाबलेलं बटण आणि बाहेरून, खऱ्या उंदराने दाबलेलं बटण यांत ब्राउझरला फरक कळतो. सायमन स्ट्युअर्ट यांनी 'वेबड्रायव्हर' नावाच्या वेगळ्या प्रकल्पात उलटा मार्ग धरला: पानात शिरायचं नाही, ब्राउझरलाच बाहेरून हाकायचं. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्प एकत्र आणायचं ठरलं, २०११ मध्ये सेलेनियमची दुसरी आवृत्ती आली, आणि ५ जून २०१८ रोजी वेबड्रायव्हर ही डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या एरवी एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नाहीत, पण बाहेरून हाकणाऱ्याचं कसं ऐकायचं, यावर त्यांचं एकमत झालं.

हा संवाद चिठ्ठ्यांचा असतो. तुमची स्क्रिप्ट, म्हणजे तपासणीच्या पायऱ्या लिहिलेला कार्यक्रम, चिठ्ठी पाठवते: अमुक पत्त्यावरचा एलिमेंट शोध. ब्राउझर झाड धुंडाळतो आणि सापडला तर एक बिल्ला परत देतो. पुढची चिठ्ठी: या बिल्ल्याच्या एलिमेंटवर क्लिक कर. त्यापुढची: या बिल्ल्यावर लिहिलेला मजकूर वाचून दाखव. स्क्रिप्टच्या हाती एलिमेंट कधीच येत नाही, येतो तो बिल्लाच. मधल्या काळात पानाने तो भाग पुसून नव्याने काढला, तर डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. बटण तेच, रंग तोच, जागा तीच. पण झाडावरचं जुनं पान गळून त्या जागी नवं आलेलं असतं आणि तुमचा बिल्ला गळलेल्या पानाचा असतो. ब्राउझर सांगतो, हा एलिमेंट 'स्टेल' आहे. शिळा. आजकालची बहुतेक पानं स्वतःला सतत पुसून काढत असतात, त्यामुळे नव्या टेस्टरची या शिळेपणाशी पहिल्या आठवड्यातच गाठ पडते, आणि तो शपथेवर सांगतो की बटण समोर दिसतंय.

आता पत्त्यांकडे येऊ.

सर्वांत जुन्या धाटणीचा पत्ता 'एक्सपाथ' भाषेत लिहिला जातो. ही भाषा १९९९ मध्ये आली ती वेगळ्याच कामासाठी, एक्सएमएल दस्तऐवजांत वाट काढण्यासाठी. टेस्टर मंडळींनी ती उचलली. तिच्यात पत्ता असा लिहिता येतो: मुळापासून निघ, अंगात शिर, दुसऱ्या डब्यात जा, त्यातल्या पहिल्या डब्यात जा, त्यातला अर्ज घे, त्यातलं तिसरं बटण. पिंपळासमोरचं तिसरं घर! २००६ मध्ये जपानच्या शिन्या कासातानी यांनी फायरफॉक्ससाठी एक रेकॉर्डर बनवला. तुम्ही पानावर वावरायचं आणि त्याने तुमच्या हालचाली टेपरेकॉर्डरसारख्या टिपून घ्यायच्या. प्रोग्रामिंग न येणाऱ्यांसाठी ही पर्वणीच होती. पण टिपताना एलिमेंटला धड नाव नसेल तर रेकॉर्डरला असाच वाट सांगणारा पत्ता लिहून घ्यावा लागे. सोमवारी टिपलेली स्क्रिप्ट मंगळवारी धावायची. बुधवारी कुणीतरी वर जाहिरातीची पट्टी घालायचा आणि सगळा बोळ एका घराने सरकायचा.

यात स्क्रिप्ट अडखळून पडली तर नशीब समजायचं, कारण निदान कळतं तरी. जास्त वाईट ते, जेव्हा तिसऱ्या जागीही एक बटणच असतं. मग स्क्रिप्ट 'पैसे भरा'ऐवजी 'रद्द करा' दाबते, पुढचं पान उघडतं, पान उघडलं एवढंच तपासायचं असल्यामुळे हिरवा दिवा लागतो आणि सगळे घरी जातात.

दुसरी रीत म्हणजे पोशाखावरून ओळखणं. पानाची रंगरंगोटी करणाऱ्या सीएसएससाठी एलिमेंटना 'क्लास' दिलेले असतात. निळ्या बटणाचा क्लास अमुक, मोठ्या बटणाचा तमुक. त्यावरून शोधायचं. म्हणजे लग्नात 'जांभळी पैठणी नेसलेल्या काकू' शोधण्यासारखं. काकू संध्याकाळी साडी बदलतात. आणि आता तर क्लासची नावंही यंत्रच देतं, अक्षरं-आकड्यांची खिचडी करून, आणि नवीन बिल्ड निघालं की ती खिचडीही बदलू शकते. अशा नावाला धरून लिहिलेली स्क्रिप्ट मी एकदा दुरुस्त केली, दोनदा केली. तिसऱ्यांदा ज्याने लिहिली होती त्याला शोधत गेलो. तो कंपनी सोडून गेला होता.

तिसरी रीत आयडीची. एका पानावर एक आयडी एकाच एलिमेंटला द्यायचा असा नियम आहे, म्हणजे हा घरक्रमांकच. पण नियम असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. पेठेत एकाच क्रमांकाचे चार वाडे सापडतात, तसे एकाच आयडीचे दोन एलिमेंट पानावर सुखाने नांदतात. ब्राउझर तक्रार करत नाही, पहिला सापडेल तो देतो. म्हणून काही गटांनी खास तपासणीसाठी वेगळी खूण लावायची पद्धत काढली. तिला 'टेस्ट आयडी' म्हणतात. ही खूण ना रंगाशी बांधलेली, ना जागेशी. पान कितीही हलवा, ती टिकते. तिच्यात दोष असेल तर एवढाच की ती फक्त टपालवाल्याला माहीत असते. प्रवाशाला ती कधीच दिसत नाही. बटणावरचा मजकूर पुसला गेला तरी टेस्ट आयडी जागच्या जागी असतो आणि स्क्रिप्ट कोऱ्या बटणावर आनंदाने क्लिक करते.

मग उरतं ते नाव. ज्यावर 'पुढे जा' लिहिलंय ते बटण. माणूस असंच शोधतो. उद्या कुणी 'पुढे जा' बदलून 'पुढे चला' केलं तर ही स्क्रिप्टही तुटेल. तुटू दे. तो बदल प्रवाशालाही दिसणार आहे, म्हणजे स्क्रिप्टने त्याची दखल घेतली तर तिचं काय चुकलं?

मराठी पानांवर मात्र या रीतीत एक गंमत आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या टेस्टरला कुणी सांगत नाही. 'दुसऱ्या प्रवाशाचं नाव' असा मजकूर शोधायचाय. पानावर तो दिसतोय. स्क्रिप्टमध्ये तोच लिहिलाय. दोन्ही शेजारी ठेवून कानामात्रेसकट ताडून पाहिले, शंभर टक्के सारखे. तरी यंत्र म्हणतं, असा मजकूर नाही.

कारण 'दुसऱ्या'मधला तो अर्धा, आडवा र. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहितात. एक रीत: नुक्त्याचा म्हणून जो स्वतंत्र ऱ आहे तो घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा. दुसरी रीत: साधा र, हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या रीतीने 'दुसऱ्या' हा शब्द सात चिन्हांचा होतो, दुसऱ्या रीतीने आठ चिन्हांचा. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. कोणता कळफलक वापरला यावर कोणती रीत पडेल ते ठरतं. मजकूर लिहिणारा एका कळफलकावर, स्क्रिप्ट लिहिणारा दुसऱ्या. आपल्या भाषेत हा र चैनीचा नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि दरी एवढा फरक आहे. ते अदृश्य जोडचिन्ह कुठे मधेच गळालं तर दरीचा समुद्र होतो.

जाणकार म्हणेल, युनिकोडमध्ये सारख्या दिसणाऱ्या रूपांना एकाच साच्यात आणायची सोय आहे, ती वापरा. आहे खरी. र आणि वेगळा नुक्ता अशी फोड केलेली असेल तर ती सोय त्यांना सांधून एक ऱ करते. पण अदृश्य जोडचिन्हाच्या रीतीला ती हातही लावत नाही. तिच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. 'ॲप'चंही तसंच. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीची मंडळी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवत, आणि त्यातही कुणी मधे अदृश्य चिन्ह घालत, कुणी घालत नसत. आजही मराठी मजकुरात तिन्ही रूपं फिरताना सापडतात. त्यामुळे मराठी पान तपासणाऱ्याने तुलना करण्याआधी आपली चाळणी आपणच लावावी लागते: ही सगळी रूपं एक समजायची, हे आपल्या हाताने लिहून ठेवायचं. १२ आणि इंग्रजी आकड्यांतले बारा यांचाही निकाल तिथेच लावून टाकावा.

पत्ता सापडला तरी दार उघडं असेल असं नाही. वेब पान एका झटक्यात येत नाही. सांगाडा आधी, मग रंग, मग सर्व्हरकडून माहिती, मग आसनांचा नकाशा. माणूस हे नकळत सांभाळतो. चाक फिरताना दिसलं की थांबतो, ते थांबलं की दाबतो. स्क्रिप्टला चाक दिसत नाही. ती मिलिसेकंदात येते, बटण अजून उगवलेलं नसतं, ती 'सापडलं नाही' म्हणून परत फिरते. वेबड्रायव्हरच्या शिफारशीत एलिमेंटसाठी आपणहून थांबण्याचा मूळ अवधी शून्य आहे. सांगितल्याशिवाय ती थांबत नाही.

यावर प्रत्येक जण आधी एकच उपाय करतो: 'स्लीप टाक'. पाच सेकंद झोप आणि मग दाब. चालतं. मग दुसऱ्या ठिकाणी टाकतो, मग तिसऱ्या. एका स्क्रिप्टमध्ये अशा बारा डुलक्या असतील तर मिनिट गेलं. अशा ३०० स्क्रिप्ट असतील तर एका फेरीत पाच तास निव्वळ झोपेत. आणि ज्या दिवशी सर्व्हर दमलेला असतो त्या दिवशी पानाला सहा सेकंद लागतात आणि पाच सेकंदांची झोप वाया जाते. शहाणी रीत अशी की वेळ न सांगता अट सांगायची: बटण दिसेपर्यंत थांब, फार तर दहा सेकंद, आधी दिसलं तर आधी निघ. नंतरच्या अवजारांनी हे थांबणं अंगातच मुरवलं. सायप्रेस आपणहून चार सेकंद प्रयत्न करत राहतं. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट २०२० मध्ये आलं. ते क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, चालू आहे का, त्याच्यावर दुसरं काही पसरलेलं नाही ना, हे पाहतंच, शिवाय ते हलायचं थांबलंय का हेही बघतं. सरकत येणाऱ्या बटणावर झडप घालायची नाही, पडद्याच्या लागोपाठ दोन फ्रेममध्ये ते एकाच जागी दिसलं की मग दाबायचं. धावत्या लोकलमध्ये चढू नये, हे त्याला कुणीतरी शिकवलंय.

इतकं करूनही काही स्क्रिप्ट लहरी निघतात. आज हिरवी, उद्या लाल, परवा कुणी काही न करता पुन्हा हिरवी. त्यांना 'फ्लेकी' म्हणतात. गूगलने २०१६ मध्ये आपल्याकडचे आकडे जाहीर केले होते: त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा होता, आणि हिरव्याची लाल होण्याच्या ज्या घटना त्यांनी पाहिल्या त्यांतल्या ८४ टक्क्यांत एखादी लहरी टेस्ट गुंतलेली होती. म्हणजे दिवा लाल झाला तर खरा बिघाड असण्याची शक्यताच कमी. याचा परिणाम यंत्रावर होत नाही, माणसांवर होतो. लाल दिसलं की लोक "रिरन मार" म्हणतात. लांडगा आला रे आला, असं रोज सकाळी नऊ वाजता ऐकणाऱ्या गावातून दहा वाजता कोण धावत येणार?

क्लिकबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण माझी सर्वांत मोठी फजिती तिथे झाली. वेबड्रायव्हर क्लिक करतो तेव्हा एलिमेंटच्या पडद्यावर दिसणाऱ्या भागाचा मध्यबिंदू काढतो आणि त्या बिंदूवर सर्वांत वर कोण आहे ते पाहतो. तिथे भलतंच काही असेल तर तो क्लिक न करता तक्रार करतो: मधे कुणीतरी आलंय. ही तक्रार फार त्रासदायक वाटते, आणि तिला गप्प बसवायची एक युक्ती सगळ्यांना माहीत असते. बाहेरून दाबायचं सोडून जावास्क्रिप्टने आतून दाबायचं. आतून दाबताना मधे कोण आहे याचा प्रश्नच येत नाही.

मी ज्या कंपनीत होतो तिथे एका ग्राहकाच्या पानावर 'पैसे भरा' बटणाच्या बाबतीत ही तक्रार येऊ लागली. डेडलाइन जवळ होती. मी आतून दाबायची ओळ लिहिली, सगळं हिरवं झालं, रात्री शांत झोपलो. पानाच्या तळाशी 'कुकीज स्वीकारा' अशी एक पट्टी नव्याने आली होती. लहान पडद्याच्या मोबाइलवर ती नेमकी त्या बटणावर बसायची आणि बंद करायची फुली पडद्याबाहेर जायची. म्हणजे मोबाइलवाल्या कुणालाच पैसे भरता येत नव्हते. स्क्रिप्टने हेच तर सांगितलं होतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला होता. तीन दिवसांनी ग्राहकाचा फोन आला. त्या बैठकीत मला बोलायला फारसं काही नव्हतं.

त्यानंतर मी बटणांकडे थोडं निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि मग लक्षात आलं की पान न पाहता, फक्त त्याचं झाड वाचून वावरणारे माझ्या स्क्रिप्टखेरीज आणखीही कुणी आहेत. दृष्टिहीन माणसं स्क्रीन रीडर वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेमी टेह यांनी घडवलेला 'एनव्हीडीए' फुकट मिळतो आणि मराठीतही बोलतो. तो प्रत्येक एलिमेंटची दोन गोष्टींत ओळख करून देतो: हा कोण, आणि याचं नाव काय. 'पुढे जा, बटण.' 'प्रवाशाचं वय, चौकट.' जागा नाही, रंग नाही, क्लास नाही, टेस्ट आयडी नाही. भूमिका आणि नाव.

केंट सी. डॉड्स यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या टेस्टिंग लायब्ररीत एलिमेंट शोधण्याच्या रीतींचा पसंतीक्रम दिला आहे. त्यात भूमिका आणि नाव यांवरून शोधणं पहिल्या स्थानी आणि टेस्ट आयडी अगदी शेवटी. प्लेराइटही तेच सुचवतं. याचा व्यवहारात अर्थ असा, की टेस्टरला टिकाऊ पत्ता हवा असेल तर बटणाला खरंखुरं नाव असलं पाहिजे, आणि ते असलं की आंधळ्या माणसालाही बटण सापडतं. नसेल तर स्क्रिप्ट आणि माणूस एकाच उंबऱ्यावर अडखळतात.

असे उंबरे किती, हे मोजणारं यंत्रही आहे. वेबएम ही अमेरिकी संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची पहिली पानं आपोआप तपासते. पहिल्या वर्षी ९७.८ टक्के पानांवर यंत्राला पकडता येण्याजोगे दोष सापडले; २०२५ मध्ये ९४.८ टक्के. फिकट अक्षरं, वर्णन नसलेली चित्रं, नाव नसलेल्या चौकटी, कोरी बटणं. वर्षानुवर्षं तेच. आणि हे फक्त यंत्राला कळणारे दोष. चित्राला वर्णन आहे का, हे यंत्र सांगतं. 'चित्र १' हे वर्णन घाटातल्या बसचं आहे की बसस्थानकाच्या नकाशाचं, हे त्याला विचारून उपयोग नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा केला, एनव्हीडीए सुरू केला आणि ज्या पानाच्या स्क्रिप्ट मी स्वतः कधीकाळी लिहिल्या होत्या तसल्याच एका पानावर बसचं तिकीट काढायला बसलो. कुठून, कुठे, इथपर्यंत ठीक. तारीख जमली. आसनाचा नकाशा आला, आसनं निवडली आणि टॅबची कळ दाबत पुढे सरकू लागलो. कानात आवाज आला: "बटण." पुन्हा टॅब. "बटण." पुन्हा टॅब. "बटण." तिन्हींवर नुसती चित्रं होती, नाव कशालाच नव्हतं. एक 'मागे', एक 'पुसा', एक 'पुढे' असणार, एवढा अंदाज होता. आमच्या स्क्रिप्टमध्ये आम्ही अशा 'पुढे' बटणाचा पत्ता काय लिहायचो, ते आठवलं. तिसरं. मी तिसरं दाबलं.

निवडलेली आसनं पुसली गेली.